धरणारा

दर गुरुवारी सव्वासहाला, गाड्या थांबायच्या कडेपाशी
मी माणसं धरतो.
मिनिटाला एक. सायकलसकट.
गुडघा गेल्यापासून हे काम माझ्याकडे आलं;
पंधरा वर्षं सुटलो, आता सोडतो.

लिंकनशायरचा हा भाग परातीसारखा सपाट.
चढ म्हणजे कालव्यावरचा पूल,
बाकी जे चढायचं ते वाऱ्यात.
पाच मैल जायचं, गोल चौकाला वळसा, पाच मैल परत.
कोबी भरलेला ट्रक शेजारून गेला तर
चार सेकंद फुकट मिळतात.
कबूल कोणी करत नाही, मोजतात सगळे.

सीटला हात लावला की समोरच्याचा हिवाळा कळतो.
रोलंड डाउझ, दातांचा डॉक्टर:
सायकल रिकाम्या टोपलीएवढी हलकी,
मागचं चाक भरीव, जरा हललं की ढोलासारखं घुमतं,
हेल्मेट थेंबाच्या आकाराचं.
पण मांड्या थरथरतात.
गॅरेजात फ्रीजरकडे तोंड करून
वीस-वीस मिनिटं ज्याने जागच्या जागी पेडल मारलंय,
खाली घामाचं थारोळं, समोर मटारची पाकिटं,
त्याच्या थरथरत नाहीत.

केझिया लीक, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
भावाकडून समोरून फोटो काढून घेते,
कोपरं एक सेंटिमीटर आत, मग अजून अर्धा.
साखळी मेणात उकळते, आईच्या कस्टर्डच्या पातेल्यात.
आईला माहीत नाही; पातेलं मात्र चकाकतं.
तिला धरलं की दगड. फक्त श्वास.
एनिड मोजते, पाच, चार, तीन, दोन, एक,
आणि मी ढकलत नाही. ढकलायचं नसतं.
नुसता हात काढून घ्यायचा.
हे शिकायला मला अख्खा सीझन लागला.

त्या गुरुवारी चौदा नंबर आलाच नाही.
मिनिट तरी त्याचंच होतं.
एनिडने ते पुरतं मोजलं, शेवटच्या एकपर्यंत,
मोकळ्या डांबराला.
मी हात पुढे करून उभा, सवयीने.
पंधरावा मागे थांबलेला, काही बोलला नाही.

बावीस गेला. एनिड खुर्ची मिटायला लागली
तेव्हा बर्नार्ड स्केरिट पुलावरून उतरताना दिसला,
चौऱ्याहत्तर वर्षांचा, एक्क्याऐंशी सालच्या पोलादी सायकलवर.
नंबर पाठीवर नव्हता, दातात होता.
"पिना सापडत नव्हत्या," म्हणाला.
मग जरा थांबून:
"सापडल्या. पाठीला हात पोचत नाही."

मार्चपर्यंत डोरीन लावायची.
चार कोपरे, चार पिना, कुठे सुरकुती नाही;
कागद फडफडला तर सेकंद जातात
हे तिलाही पाठ होतं.

एनिडने घड्याळ दाखवलं.
नियम त्याला आमच्यापेक्षा जुना माहीत:
तू नसलास तरी तुझं मिनिट सुटतं,
तुझ्याशिवायच पळत असतं.
"लाव," तो म्हणाला.
मी दुखऱ्या गुडघ्यावर टेकलो.
तीन पिना नीट गेल्या, चौथी माझ्या बोटात.
मग साडेनऊ मिनिटं उशिरा
मी त्याच्यावरून हात काढून घेतला.

हॉलमधल्या फळ्यावर: चौदा नंबर, ३८:२०.
खालून पहिला.
चहाची किटली, लिंबाचा केक,
डाउझ कुणाला तरी टायरमधली हवा समजावतोय.
केझियाने फळा वाचला, बोटांवर काहीतरी केलं,
आणि स्वतःचा केक त्याच्या बशीत सरकवला.
सहा वर्षांत तो एकोणतीसच्या आत आला नव्हता.
वजाबाकी मोठ्याने कुणी केली नाही.

"वारा बरा होता," बर्नार्ड म्हणाला,
आणि माझ्या तळहातावर पिना ठेवल्या,
चार, त्यातली एक वाकडी.
"असू देत तुझ्याकडेच.
गुरुवारपर्यंत."